चार पेले राय: लेबलावरची बखर आणि बारीक अक्षरांतला अस्सल कागद

१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला आरंभीच शिकवले जाते की साधनाचे परीक्षण दोन अंगांनी करावे. कागद कोणाचा, कधीचा, कोठून आला, हे बहिरंग परीक्षण. त्यात जे म्हटले आहे ते कितपत विश्वसनीय, हे अंतरंग परीक्षण. हीच रीत व्हिस्कीच्या बाटलीला लावली तर काय हाती लागते? आजचा #धागा अमेरिकेच्या राय व्हिस्कीविषयी.

२/ निमित्त घरगुती आहे. माझा मामेभाऊ आणि वहिनी पिट्सबर्गला राहतात. गेल्या दिवाळीत ते आले तेव्हा सोबत चार बाटल्या होत्या, चारही राय व्हिस्कीच्या. त्यांतली एक पुढे करून दादा म्हणाला, "ही आमच्या पेनसिल्व्हेनियाची. दोनशे वर्षांची परंपरा आहे हिची." बाटलीवर एका करारी चेहऱ्याच्या वृद्धाचे चित्र होते आणि नाव होते ओल्ड ओव्हरहोल्ट.

३/ प्रथम शब्दाविषयी. राय हे गव्हाच्या कुळातले धान्य आहे. फोडणीतल्या राईशी त्याचा काही संबंध नाही. ते थंडी सोसते आणि हलक्या जमिनीतही तग धरते. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन शेतकऱ्यांना ते मायदेशापासून परिचित होते. त्यांच्या शेजारी वसलेल्या आयरिश-स्कॉट लोकांना धान्यापासून दारू गाळण्याची विद्या अवगत होती. राय व्हिस्की या दोघांच्या शेजारातून जन्माला आली.

४/ तोपर्यंत अमेरिकी किनाऱ्यावरचे मुख्य पेय होते रम. ती कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या काकवीपासून होत असे. स्वातंत्र्ययुद्धात तो समुद्री व्यापार विस्कळीत झाला आणि अंतर्भागातल्या धान्याच्या दारूला बाजार मिळाला.

५/ आता आमच्या मेजाकडे. वहिनीने चार सारखे पेले मांडले, प्रत्येकात जेमतेम पंधरा मिलिलिटर ओतले आणि पेल्यांखाली फक्त क्रमांकाच्या चिठ्ठ्या ठेवल्या. बाटल्या स्वयंपाकघरात. तुलना करायची तर नाव झाकलेलेच बरे, कारण नाव वाचले की जीभ ते नावच चाखू लागते. आधी वास, मग एक घोट, मग पाण्याचे चार थेंब आणि पुन्हा वास. मध्ये साधे पाणी आणि खारे दाणे.

(महाराष्ट्रात यासाठी कायद्याने वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत. धाग्याला मात्र वयाची अट नाही.)

६/ पहिला पेला गोडसर आणि भरदार, व्हॅनिला व जळक्या साखरेचा. मागून मिऱ्याचा चटका. दुसरा अपेक्षेपेक्षा तरुण, कच्च्या धान्याचा आणि नुकत्या भाजलेल्या भाकरीचा. तिसरा धारदार: शेपू, पुदिना, लवंग, गोडवा जवळपास नाहीच. चौथा सुगंधी आणि मऊ, पण मसाल्याने पुरेपूर.

मी आत्मविश्वासाने सांगितले, "तिसरा. जुनी पेनसिल्व्हेनिया ती हीच." माझे उत्तर चुकले. ते का चुकले हे समजण्यासाठी १७९० च्या दशकात जावे लागते.

७/ पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेला मोनोंगहेला नदीचे खोरे आहे. तिथून पूर्वेच्या बाजारपेठेत जायचे तर ॲलेगेनी पर्वत ओलांडावा लागे. एका घोड्याच्या पाठीवर सुमारे ४ बुशेल राय मावे. पण तीच राय गाळून दारू केली तर २४ बुशेलांचा ऐवज त्याच पाठीवरून जाई. म्हणून या खोऱ्यात शेतकरी तितक्या भट्ट्या होत्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी होणार नाही. रोकड दुर्मीळ होती आणि व्हिस्की चलनासारखी हातोहात फिरे.

८/ १७९१ मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने मद्यावर अबकारी कर बसला. युद्धकाळात राज्यांनी काढलेली कर्जे केंद्राने शिरावर घेतली होती. ती फेडायला उत्पन्न हवे होते. कर रोखीने भरायचा होता आणि त्याची रचना मोठ्या कारखानदाराला सोयीची होती. भरपूर माल काढणाऱ्याला दर गॅलनमागे भार कमी पडे, वर्षातून काही आठवडे भट्टी लावणाऱ्या शेतकऱ्याला जास्त. शिवाय खटला उभा राहिला तर पर्वत ओलांडून थेट फिलाडेल्फिया गाठावे लागे.

९/ जुलै १७९४ मध्ये कर-निरीक्षक जनरल जॉन नेव्हिल यांचे बोवर हिल येथील घर जमावाने जाळले. चकमकीत माणसे मेली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुमारे १३,००० सैनिकांची फौज उभी केली आणि काही अंतर ते स्वतः तिच्यासोबत गेले. फौज पोहोचेपर्यंत बंड विरून गेले होते. फिलिप विगल आणि जॉन मिचेल या दोघांवर राजद्रोह शाबीत झाला, फाशीची शिक्षा झाली, आणि वॉशिंग्टन यांनी दोघांनाही माफी दिली. हेच ते 'व्हिस्कीचे बंड'. १८०२ मध्ये जेफरसन यांच्या कारकिर्दीत तो कर रद्द झाला.

१०/ दुसऱ्या पेल्यातली व्हिस्की याच विगलच्या नावाने चालणाऱ्या पिट्सबर्गमधल्या भट्टीची निघाली. ही भट्टी २०१० च्या दशकातली आहे. तिची तरुण, धान्याळ चव त्या शेतकऱ्यांच्या दारूची आठवण देते, असे म्हणायचा मोह होतो. पण तो आवरावा. तेव्हाची दारू बहुधा पिंपात मुरवलेली नसे. ती भट्टीतून उतरली की विकली जाई, पाण्यासारखी पारदर्शक.

११/ येथे एक उपकथा, पण महत्त्वाची. बंड मोडल्यावर तीनच वर्षांनी, १७९७ मध्ये, वॉशिंग्टन यांनी व्हर्जिनियातल्या आपल्या माउंट व्हर्नन या मळ्यावर स्वतःचीच भट्टी सुरू केली. कल्पना त्यांचा स्कॉटिश व्यवस्थापक जेम्स अँडरसन याची. १७९९ मध्ये तेथे पाच तांब्याच्या हंड्यांतून सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. त्या काळच्या देशातल्या मोठ्या भट्ट्यांपैकी ती एक होती. मिश्रण असे: ६० टक्के राय, ३५ टक्के मका, ५ टक्के अंकुरित बार्ली.

१२/ ही व्हिस्की गाळणारे हात कोणाचे होते? मळ्याच्या नोंदींत सहा नावे येतात: हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमथी. सहाही जण गुलाम होते. आडनावे नाहीत, चित्रे नाहीत. ते भट्टी पेटवीत, आंबवण ढवळीत, पिंपे भरीत. रायचे आंबवण चिकट असते आणि बेसुमार फेसाळते, त्यामुळे काम जिकिरीचे. मूळ भट्टी १८१४ मध्ये जळाली. तिची प्रतिकृती २००७ मध्ये लोकांसाठी खुली झाली.

१३/ आता ओव्हरहोल्ट. अब्राहम ओव्हरहोल्ट हा पिट्सबर्गच्या आग्नेयेला वेस्ट ओव्हरटन येथे राहणाऱ्या जर्मन मेनोनाइट कुटुंबातला. लेबलावरचा वृद्ध तो हाच. कंपनी आपला आरंभ १८१० पासून मोजते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'मोनोंगहेला राय' हे देशभर ओळखले जाणारे नाव झाले होते. १८५१ सालच्या 'मोबी डिक' या कादंबरीत भर समुद्रातल्या खलाशाच्या तोंडीही त्याचा उल्लेख येतो.

१४/ ही मोनोंगहेला राय कशी होती? तिच्यात मुख्यतः राय आणि अंकुरित बार्ली. मका अत्यल्प किंवा मुळीच नाही. ती पिंपात मुरून तांबूस होई आणि हिवाळ्यात गोदामे वाफेने उबदार ठेवली जात. शेजारच्या मेरीलँडची राय तिच्याहून सौम्य मानली जाई. केंटकीत मात्र मका उदंड पिके, म्हणून तिकडे मक्याची बर्बन रुजली. अशा रीतीने प्रदेशागणिक चव निराळी होती आणि ती ठरवीत होते जमीन, पीक आणि बाजार.

१५/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भेसळ माजली. कच्च्या स्पिरिटमध्ये रंग आणि सुवास मिसळून 'जुनी व्हिस्की' विकली जाई. १८९७ मध्ये 'बॉटल्ड इन बाँड' कायदा आला. एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान ४ वर्षे मुरलेली आणि ५० टक्के मद्यार्काची व्हिस्की असेल तरच ही मोहर लागे. ग्राहकाला लेबलावर विश्वास ठेवता यावा यासाठी अमेरिकी सरकारने केलेल्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

१६/ मग आली दारूबंदी. महायुद्धाच्या निमित्ताने १९१७ मध्येच धान्य गाळण्यास मनाई झाली होती. १७ जानेवारी १९२० पासून बंदी देशभर अमलात आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. पण एक खिडकी उघडी होती. डॉक्टरने लिहून दिल्यास औषध म्हणून व्हिस्की मिळे, दहा दिवसांत एक पाइंट. काही मोजक्या कंपन्यांना असे परवाने होते आणि ओव्हरहोल्ट त्यांपैकी एक.

१७/ योगायोग पाहा. अब्राहमचा नातू म्हणजे पोलादसम्राट हेन्री क्ले फ्रिक. त्याचा मित्र आणि या भट्टीतला भागीदार बँकर अँड्र्यू मेलन. १९२१ मध्ये मेलन अमेरिकेचे अर्थमंत्री झाले, आणि दारूबंदीची अंमलबजावणी तेव्हा अर्थखात्याकडेच होती. मेलन यांनी कायदा वाकवला असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्या खात्याने लहान भट्ट्या फोडल्या, त्यांच्याच भागीदारीतले नाव टिकून राहिले, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

१८/ औषधाची ही युक्ती आपल्याला अपरिचित नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याखाली महाराष्ट्रात मिळणारा मद्य बाळगण्याचा परवाना आजही प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. कायदा बंदीचा, परवाना आरोग्याचा.

१९/ बंदी उठली तरी राय सावरली नाही. व्हिस्की मुरायला वर्षे लागतात आणि गोदामे रिकामी होती. १९४२ पासून दुसऱ्या महायुद्धासाठी भट्ट्या औद्योगिक अल्कोहोलकडे वळल्या. लोकांची चव सौम्य मिश्रणांकडे आणि पुढे व्होडकाकडे गेली. मका स्वस्त होता आणि केंटकीत भांडवल एकवटले. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमधल्या भट्ट्या एकामागून एक थंडावल्या. १९८७ मध्ये ओल्ड ओव्हरहोल्टचे नाव केंटकीतल्या जिम बीमकडे गेले.

२०/ म्हणजे दादाच्या बाटलीवरचा वृद्ध पेनसिल्व्हेनियाचा, पण आतला द्रव केंटकीचा. बाटली 'बॉटल्ड इन बाँड' असल्यामुळे ती कोणत्या भट्टीत गाळली त्याचा क्रमांक लेबलावर छापणे बंधनकारक असते. तो क्रमांक केंटकीचा होता. पहिला, गोडसर पेला तिचाच. केंटकी पद्धतीच्या रायमध्ये मक्याचा वाटा मोठा असतो. तो व्हॅनिलासारखा गोडवा काही अंशी मक्याचा, काही अंशी आतून जाळलेल्या ओक पिंपाचा.

२१/ कायदाही हे मान्य करतो. अमेरिकेत 'राय व्हिस्की' म्हणवायला धान्यात राय किमान ५१ टक्के पुरते. उरलेले ४९ टक्के मका असू शकतो. पिंप ओकचे, नवे आणि आतून जाळलेले हवे. 'स्ट्रेट' लिहायचे तर किमान २ वर्षे मुरवण, आणि रंग वा सुवास वरून घालायचा नाही. हे निकष प्रामुख्याने १९३० च्या दशकात ठरले. म्हणजे आज ज्याला आपण 'रायची पारंपरिक चव' म्हणतो ती बऱ्याच अंशी बंदीनंतरच्या नियमांनी घडवलेली आहे.

२२/ आणि माझा लाडका तिसरा पेला? तो इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गचा. ९५ टक्के राय, ५ टक्के अंकुरित बार्ली, मका शून्य. ही भट्टी बंदीनंतर सीग्रॅम या कॅनडातल्या कंपनीने घेतली. तिथे ही रायबहुल व्हिस्की मुख्यतः मिश्रणांना मसालेदार चव देण्यासाठी गाळली जाई, स्वतंत्र विकण्यासाठी नव्हे. पुढे सीग्रॅमचा डोलारा मोडला, भट्टीचे मालक बदलले, आणि हीच राय अनेक कंपन्यांनी विकत घेऊन आपापल्या नावाने बाटलीत भरली. विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ विस्मरणात गेलेली राय पुन्हा चर्चेत आली, तिच्यामागे या भट्टीचा मोठा वाटा आहे.

२३/ त्या अनेक नावांपैकी काहींच्या लेबलांवर मोठ्या कहाण्या होत्या. आयोवातल्या टेंपलटन या व्यापारी नावाने दारूबंदीच्या काळातल्या गावठी कृतीचा वारसा सांगितला. माल मात्र इंडियानात गाळलेला होता. २०१४ मध्ये ग्राहकांनी दावे दाखल केले आणि २०१५ मध्ये कंपनीने तडजोड केली. व्हिस्की अन्य राज्यात गाळलेली असेल तर त्या राज्याचे नाव लेबलावर द्यावे, असा नियम आहे. ते बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते.

२४/ चौथा पेला कॅनडाचा, लॉट ४० नावाचा, ऑन्टॅरिओतल्या विंडसर येथे गाळलेला, शंभर टक्के राय. पण येथे सावध राहावे. कॅनडाच्या कायद्यात 'कॅनेडियन व्हिस्की' आणि 'राय व्हिस्की' ही एकाच वस्तूची नावे आहेत. रायचे किमान प्रमाण ठरलेले नाही. पूर्वी तिथे गव्हाच्या व्हिस्कीत चवीपुरती राय घालत, त्यावरून तो शब्द सगळ्याच व्हिस्कीला चिकटला. म्हणून तिथल्या एखाद्या 'राय'मध्ये राय नाममात्र असते आणि एखादीत निव्वळ रायच असते.

२५/ आता चुकीचा हिशेब करू. मी तिसऱ्या पेल्याला जुनी पेनसिल्व्हेनिया म्हणालो, कारण वाचून मला ठाऊक होते की मोनोंगहेला रायमध्ये मका जवळपास नसे. धान्याच्या दृष्टीने माझा तर्क अगदीच फोल नव्हता. फक्त लॉरेन्सबर्गच्या त्या मिश्रणाचा मोनोंगहेलाच्या खोऱ्याशी वंशसंबंध नाही. ते मिश्रणाच्या कारखान्यातून आले आणि योगायोगाने जुन्या कृतीच्या शेजारी जाऊन बसले. साम्य म्हणजे वारसा नव्हे, हे अभिलेखागारात पाठ असलेले सूत्र मी पेल्यासमोर विसरलो.

२६/ 'परंपरा' या एका शब्दात आपण तीन धागे गुंफतो: नाव, कृती आणि स्थळ. ओव्हरहोल्टने नाव राखले. स्थळ सुटले, कृती बदलली. इंडियानाने जुन्या कृतीसारखे काही जपले, पण नावाशी वा स्थळाशी तिचे नाते नाही. विगलची भट्टी स्थळावर परत आली, पण मधली दशके रिकामी. कॅनडाने फक्त शब्द नेला आणि त्याला आपला अर्थ दिला. तिन्ही धागे अखंड असलेली बाटली आमच्या मेजावर एकही नव्हती.

२७/ मराठी इतिहासाच्या वाचकाला हे नवे नाही. बखर आणि अस्सल पत्र यांतला भेद आपल्याकडे राजवाड्यांच्या पिढीने ठसवला. लेबलाची दर्शनी बाजू म्हणजे बखर: मूळ पुरुष, पराक्रम, 'अमुक सालापासून'. मागची बारीक अक्षरे म्हणजे अस्सल पत्र: भट्टीचा क्रमांक, राज्य, मुरवणीची वर्षे. बखर टाकून द्यायची नसते. तिच्यावरून लोकांना काय मानावेसे वाटत होते ते कळते. पण घटना काय घडली यासाठी पत्रच उलगडावे लागते.

२८/ मी हे सारे सांगितले तेव्हा दादा थोडा हिरमुसला. परक्या शहरात दहा वर्षे काढल्यावर तिथल्या एखाद्या जुन्या गोष्टीला 'आमची' म्हणता येणे त्याला हवे होते, आणि ते मी हिरावून घेतले असे मला वाटले. मग त्याने बाटली फिरवून मागचे लेबल स्वतः वाचले आणि म्हणाला, "म्हणजे हिनेही स्थलांतरच केले की. नाव तेच ठेवले आणि गाव बदलले." माझ्या तीन धाग्यांपेक्षा ते वाक्य मला अधिक नेमके वाटले.

२९/ एक गोष्ट मात्र त्या वाक्यातही मावत नाही. ओव्हरहोल्टचे चित्र बाटलीवर आहे. जन्मठेप नव्हे तर फाशी ठोठावलेल्या बंडखोर विगलच्या नावाची भट्टीदेखील आहे. हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमथी यांची नावे मळ्याच्या हिशेबवहीत सापडतात, आमच्या मेजावरच्या कोणत्याही लेबलावर नाहीत. मालकाचे नाव उरते आणि हातांची नावे वहीत राहतात. ती वही उघडणे हेच आपले काम.

३०/ तेव्हा यापुढे 'अमुक सालापासून' असे लिहिलेली कोणतीही वस्तू हाती आली, मग ती व्हिस्की असो, पेढे असोत वा अत्तर, तीन प्रश्न विचारा: नाव कोणाकडून आले, कृती कोणाची, आणि ती खरोखर कोठे बनते. मग ती उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा. तुमच्या घरात अशी एखादी बाटली, डबा वा कुपी असेल तर तिच्या मागच्या बाजूला काय लिहिले आहे ते खाली नक्की कळवा.

#धागा समाप्त.